सेंटच्या जुन्या बाटल्या : निर्माता आणि रचनाकार यांच्या शोधाच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, हिंदू कॉलनी, दादर

संग्रहाच्या नोंदणीला आज रीतसर सुरुवात केली. दिवंगत संग्राहक मर्चंट नेव्हीत मुख्य अभियंता होते आणि जहाज ज्या बंदराला लागेल तिथल्या जुन्या बाजारातून सेंटची एखादी रिकामी किंवा अर्धी भरलेली बाटली आणण्याचा त्यांचा परिपाठ होता. दोन काचेची कपाटे आणि एक पत्र्याची ट्रंक, एवढ्यात मिळून सुमारे दीडशे बाटल्या आहेत. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, हा संग्रह एखाद्या संग्रहालयाच्या हवाली करायचा आहे. त्यासाठी प्रत्येक बाटली कोणी घडवली आणि कोणी रेखाटली याची पुराव्यानिशी नोंद हवी आहे. सोबत संग्राहकांची एक लांबट वही आहे. तीत बाटलीचे नाव, बंदर, वर्ष आणि मोजलेली किंमत बारीक अक्षरांत लिहिलेली आहे. खरेदीच्या तपशिलासाठी ही वही प्रमाण मानता येईल; घडवणाऱ्यांची नावे मात्र तीत बहुतेक विक्रेत्यांच्या तोंडून आलेली आहेत, हे ध्यानात ठेवूनच ती वापरायची आहे.

नोंदपत्रकाचा आराखडा करताना सर्वांत जास्त वेळ ‘निर्माता’ या एकाच रकान्यावर गेला. लांव्हां या पॅरिसच्या फॅशनगृहाच्या ‘आर्पेज’ची काळी गोल बाटली समोरच होती. सुगंध १९२७चा, गोलाकार रेखाटला आर्मां-आल्बेर रातो यांनी, गोलावरचे माय-लेकीचे सोनेरी चिन्ह पॉल इरिब यांच्या हातचे, काच ओतणारे आणखी वेगळे, आणि विकली गेली ती लांव्हांच्या नावाने. या बाटलीचा ‘निर्माता’ म्हणून एकच नाव लिहायचे तर उरलेल्या तिघांवर अन्याय होतो. म्हणून तो रकाना मोडून त्याचे पाच केले : सुगंधगृह, रचनाकार, काचकारखाना, धातुकाम करणारा आणि स्थानिक विक्रेता. प्रत्येक रकान्याशेजारी पुराव्याची जागा ठेवली. पुरावा नसेल तर रकाना कोरा राहील, हा नियम सुरुवातीलाच लिहून टाकला.

६ जून

साहित्य आणून झाले : दहापट मोठे दाखवणारे भिंग, व्हर्नियर, सोनाराकडे असतो तसा तराजू, अतिनील दिवा, आडवा प्रकाश टाकण्यासाठी लहान टॉर्च आणि बाटल्या ठेवायला जाड फेल्ट. बुडावरची खूण छायाचित्रात बहुधा उमटत नाही, त्यामुळे प्रत्येक खूण हातानेही काढून ठेवायची, असे छायाचित्रण करणाऱ्या सहकाऱ्याशी बोलून ठरवले. पाऊस तोंडावर आला आहे. कागदी लेबले असलेल्या बाटल्या सर्वांत आधी हातावेगळ्या कराव्या लागतील, कारण मुंबईच्या दमट हवेत जुना डिंक सैल पडतो आणि लेबलाच्या कडेला बुरशी धरते.

१३ जून

आज साच्याच्या शिवणी तपासल्या. बाटली साच्यात फुंकली की साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ काचेवर राहते. जुन्या पद्धतीत ओठ नंतर हाताने घडवला जात असे, म्हणून रेघ ओठाच्या खालीच संपते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्राने बाटल्या होऊ लागल्या, तेव्हापासून यंत्राच्या बाटलीत ती ओठावरून सलग जाते. ही कसोटी औषधाच्या किंवा शाईच्या बाटल्यांना चांगली लागू पडते. सेंटच्या बाटल्यांना ती सरसकट लावता येत नाही. काचेचे बूच घासून बसवलेले असेल तर ओठाचा माथाही घासला जातो आणि रेघ तिथे मुळात असली तरी उरत नाही. शिवाय चांगल्या फ्रेंच कारखान्यांत चौकोनी बाटलीच्या साच्याचा सांधा मुद्दाम कोपऱ्याच्या धारेवर ठेवत, तो नखालाही लागत नाही. म्हणून ‘शिवण दिसत नाही’ एवढ्यावरून बाटली हातफुंकीची ठरवायची नाही, असे पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहिले.

१९ जून

बुचांचा दिवस. घासून बसवलेले बूच आणि बाटलीची मान ही जात्याच्या दोन दगडांसारखी एकमेकांसाठीच घडवलेली असतात. दुसऱ्या बाटलीचे बूच आकाराने जुळले तरी बसत नाही. बाकारा या फ्रेंच काचकारखान्यासारख्या ठिकाणी घासण्याच्या वेळी जोड चुकू नये म्हणून बुचाच्या दांड्यावर आणि बाटलीच्या बुडावर एकच अंक कोरत असत. असे जुळणारे अंक मिळाले की मूळ जोड शाबूत आहे हे निश्चित होते. बाटली कोणाची हे मात्र त्यावरून ठरत नाही, कारण ही पद्धत इतर कारखान्यांतही होती. कपाटातल्या बऱ्याच बाटल्यांवर असे अंक सापडले. दोन बाटल्यांच्या बुचांवर वेगळेच अंक निघाले आणि त्या दोन्ही बुचांची आपसांत अदलाबदल करून पाहता दोन्ही घट्ट बसली. कधीतरी धूळ पुसताना ती उलटसुलट झाली असणार. काकूंना हे दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, दिवाळीच्या साफसफाईत मीच केलं असेन. यांनी मात्र कधी बोलून दाखवलं नाही.”

२७ जून, चोर बाजार

मटण स्ट्रीटवरच्या एका जुन्या काचसामानाच्या दुकानात सुटी बुचे पाहायला गेले. दुकानदार मूळचे रत्नागिरीकडचे, मराठी अस्सल कोकणी वळणाची. त्यांनी पत्र्याच्या तीन ट्रेमध्ये बुचे जाडीप्रमाणे लावून ठेवली आहेत. गिऱ्हाईक बिनबुचाची बाटली घेऊन आले की मापाने जोड लावून देतात. “ताई, बाटली एका घरची, बूच दुसऱ्या घरचं, असे जोड आम्ही लावतो. पण घेणाऱ्याला सांगून लावतो. पुढे तो ज्याला विकतो त्याला तो सांगतो की नाही, ते आपल्या हातात कुठे आहे?” ते म्हणाले. नंतर त्यांनी भिंग न घेता जोड ओळखायची रीत दाखवली. बूच कोरडे बसवून अगदी हलके फिरवायचे आणि काढून त्याचा दांडा प्रकाशाला धरायचा. मूळ जोड असेल तर घासलेला भाग सगळीकडे एकसारखा धुरकट दिसतो, लावलेला जोड असेल तर एका बाजूला चमकदार पट्टा उमटतो, कारण काच तेवढ्याच जागी काचेला टेकलेली असते. दादरला परतल्यावर अंक नसलेल्या बुचांवर ही कसोटी लावायला घेतली. ती उपयोगी आहे.

४ जुलै

‘शालिमार’. गेर्लां या सुगंधगृहाचा हा सुगंध १९२५चा, झाक गेर्लां यांनी रचलेला. नाव लाहोरच्या शालिमार बागेवरून घेतलेले आणि शाहजहान व मुमताजमहल यांच्या कथेशी जोडलेले. कंगोऱ्यांची, पायथ्यावर उभी असलेली ही बाटली रेमों गेर्लां यांनी रेखाटली, बाकाराने ती घडवली आणि १९२५च्या पॅरिसच्या सजावटी कलांच्या प्रदर्शनात ती मांडली गेली. ही माहिती इतकी प्रसिद्ध आहे की शालिमारची कोणतीही बाटली हातात आली की विकणारा ती ‘बाकारा’ म्हणूनच विकतो. वहीतही ‘बाकारा, मार्सेय, १९७१’ अशीच नोंद आहे.

बाटली फेल्टवर आडवी करून बूड उजेडाला धरले. बाकाराची खूण म्हणजे वर्तुळात सुरई, पेला आणि ग्लास. ती आम्लाने उमटवलेली असते आणि १९३६पासून कारखान्याने ती आपल्या सर्व मालावर घालायला सुरुवात केली. इथे ती नाही. बुडाच्या खळग्यात, काचेतच उठावाने आलेली, एकमेकांत गुंतलेली ‘एच’ आणि ‘पी’ ही दोन अक्षरे आहेत. ती पोशे ए दू कुर्व्हाल या कारखान्याची खूण. हा कारखानाही कमी मानाचा नाही : त्याची परंपरा १६२३पासूनची आहे आणि गेर्लांची १८५३ची मधमाश्यांची प्रसिद्ध बाटली त्यानेच घडवली. तेव्हा नोंद अशी केली : सुगंधगृह गेर्लां, रचनाकार रेमों गेर्लां, काचकारखाना पोशे ए दू कुर्व्हाल, पुरावा बुडावरची खूण.

काळाचा प्रश्न उरला. लेबलावर ६८, शाँझेलिझे हा पत्ता आहे. गेर्लांचे हे दुकान १९१४चे. पण सुगंधच १९२५चा असल्यामुळे पत्त्यावरून नवे काही मिळत नाही. बुचाच्या मानेला दोऱ्याचे वेढे आणि त्याखाली पातळ पापुद्रा अजून शाबूत आहे. फ्रेंच कारागिरीत गुरांच्या आतड्याचा असा पापुद्रा ओला करून बुचावर ताणत आणि वर रेशमी दोरा आवळत. तो वाळला की बाटली हवाबंद होई. दोरा सुटलेला नाही याचा अर्थ बाटली उघडलेली नाही आणि बूच मूळचेच आहे. बुचाच्या दांड्यावरचा अंक पाहण्यासाठी हा दोरा सोडायचा नाही. तो रकाना कोरा राहील.

काकूंना निष्कर्ष सांगणे जड गेले. “हे सगळ्यांना बाकारा म्हणूनच दाखवायचे,” त्या म्हणाल्या. मी त्यांना खूण भिंगातून पाहायला दिली. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “मग तसंच लिही. पण वहीत त्यांनी काय लिहिलंय तेही लिहून ठेव.” ही सूचना मला योग्य वाटली. वहीतली मूळ नोंद यापुढे प्रत्येक पत्रकात वेगळ्या ओळीत जशीच्या तशी उतरेल.

९ जुलै

‘इव्हनिंग इन पॅरिस’च्या गर्द निळ्या बाटल्या, लहानमोठ्या मिळून बऱ्याच. बुर्ज्वा या कंपनीचा १९२८चा सुगंध, रचणारे एर्नेस्त बो, बाटलीचा रचनाकार झां एल्यू. कंपनीचे कारखाने फ्रान्सखेरीज इंग्लंडमध्ये क्रॉयडनला आणि अमेरिकेत रॉचेस्टरलाही होते, त्यामुळे लेबलावरचे गाव पाहिल्याशिवाय देश लिहायचा नाही. काचकारखान्याचा रकाना बहुतेकांचा कोराच राहिला.

१८ जुलै

रने लालिक यांच्या नावाच्या दोन बाटल्या एकाच दिवशी शेजारी ठेवून तपासल्या. या प्रकल्पातले हे सर्वांत नाजूक काम होते, कारण या एका नावाने किंमत कित्येक पटींनी बदलते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. लालिक मूळचे दागिने घडवणारे. सुगंध विकणारे फ्रांस्वा कोती यांच्यासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सेंटच्या बाटल्या रेखाटायला घेतल्या आणि त्यांतून त्यांचा काचेकडे ओढा वाढत गेला. १९०९मध्ये कों-ला-व्हील इथला कारखाना त्यांनी भाड्याने घेतला, पुढे विकत घेतला, आणि १९२१मध्ये अल्सासमध्ये व्हिंगेन इथे नवा उभारला. १९४५मध्ये ते वारले. त्यांच्या हयातीतल्या कामावर नावाआधी ‘आर’ हे अक्षर येते. त्यानंतरच्या मालावर नुसते ‘लालिक’ किंवा ‘लालिक फ्रान्स’. हे एक अक्षर सर्वांना माहीत आहे, म्हणूनच ते मागाहून कोरलेही जाते.

पहिली बाटली वर्थ या फॅशनगृहाच्या ‘दां ला न्वी’ची, १९२४च्या रचनेची : गोल, निळ्या रंगावर उठावाचे तारे. नाव काचेतच साच्यातून उमटलेले आहे, अक्षरांच्या कडा बुडाच्या बाकी पृष्ठभागासारख्याच मऊ आहेत आणि टेकल्या जागच्या घर्षणाने अक्षरांचे उंच भाग किंचित झिजलेले आहेत. साच्यातली सही मागाहून घालता येत नाही. पाचांपैकी तीन रकाने इथे निःशंक भरता आले : सुगंधगृह वर्थ, रचनाकार लालिक आणि कारखानाही लालिक यांचाच.

दुसरी बाटली पारदर्शक, फुलांच्या गालिच्यासारखा धुरकट उठाव असलेली, मानेला पेचाचे आटे आणि वर पितळी टोपण. सही चाकाने कोरलेली. ही बाटली मुंबईतच एका विक्रेत्याकडून घेतली होती, नाव लिहिण्याचे कारण नाही. दहापट भिंगाखाली बुडाची टेकणारी कडा पाहिली. पन्नास-साठ वर्षे लाकडावर, संगमरवरावर सरकलेल्या बाटलीच्या बुडावर सर्व दिशांना जाणाऱ्या बारीक ओरखड्यांचे जाळे तयार होते. सही जुनी असेल तर ते ओरखडे सहीच्या रेघांवरूनही जायला हवेत. इथे एकही ओरखडा सहीवरून जात नाही. प्रत्येक ओरखडा अक्षराच्या काठाशी तुटतो आणि अक्षराच्या पलीकडे पुन्हा सुरू होतो. म्हणजे ओरखडे आधी पडले आणि सही नंतर कोरली गेली. रेघांच्या तळाशी काच अजून पिठासारखी पांढरी आहे. साच्याची शिवण आट्यांवरून आणि ओठावरून सलग जाते, म्हणजे बाटली यंत्रावरची आहे. नोंद : सही मागाहून घातलेली, रचनाकार आणि काचकारखाना कोरे.

ही बाटली संग्रहातून काढून टाकावी, असे मदतनीस विद्यार्थिनीने सुचवले. मी ती ठेवण्याच्या बाजूची आहे. खऱ्या सहीशेजारी ही ठेवली तर संग्रहालयात येणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला फरक डोळ्यांनी पाहता येईल, आणि असा शेजार छायाचित्रांतून मिळत नाही.

२५ जुलै

पाऊस संततधार. लेबलांच्या बाटल्या झाकून ठेवल्या आणि काचेच्या घनतेची मापे घेतली. बाटली पोकळ, तिच्यात हवेचा बुडबुडा अडकतो, म्हणून भरीव बूच घेतले. आधी हवेत वजन, मग बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून वजन. जेवढे वजन घटते तेवढ्याने मूळ वजनाला भागले की घनता मिळते. एका बुचाचे वजन ३१.६ ग्रॅम, पाण्यात घट १०.७ ग्रॅम, म्हणून घनता सुमारे २.९५. दुसऱ्याचे १८.९ ग्रॅम, घट ७.६ ग्रॅम, घनता सुमारे २.४९. साध्या सोडा-चुन्याच्या काचेची घनता २.५च्या आसपास असते. शिसे जास्त तसा आकडा वाढत जातो आणि स्फटिककाच म्हणून विकल्या जाणाऱ्या २४ टक्के शिसेयुक्त काचेत तो २.९च्या पुढे जातो. दुसरे बूच वहीत ‘क्रिस्टल’ म्हणून नोंदलेले आहे. ते साध्या काचेचे आहे. हे माप कारखाना सांगत नाही, पण स्फटिककाचेखेरीज दुसरे काही न करणाऱ्या कारखान्यांची नावे यादीतून खोडायला त्याचा उपयोग होतो.

१ ऑगस्ट

बोहेमियाकडच्या बाटल्या. याब्लोनेट्स या गावाच्या परिसरातल्या मालाचे बुडावरचे लंबगोल ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ हे आम्लाने उमटवलेले शब्द १९१८नंतरचा काळ सांगतात, कारखाना सांगत नाहीत. एका मोठ्या, कोरीव पंख्यासारख्या बुचाच्या बाटलीत मात्र काचेच्या उठावात लपलेले चिमुकले फुलपाखरू सापडले. ती हाइनरिश होफमान यांची खूण. हिरव्या, संगमरवरी रेघांच्या मॅलकाइट काचेच्या बाटल्या कुर्ट श्लेफोग्ट यांच्या १९३४च्या ‘इंग्रिड’ मालिकेतल्या म्हणून वहीत लिहिल्या आहेत. ‘इंग्रिड’ हे त्यांच्या मुलीचे नाव. या बाबतीत हात आखडता घेतला आहे. या भागातले साचे दुसऱ्या महायुद्धानंतरही वापरात राहिले, त्यामुळे रचना १९३०च्या दशकातली असली तरी काच कितीतरी नंतरची असू शकते. म्हणून रचनेचे वर्ष आणि घडवण्याचा काळ हे दोन वेगळे रकाने केले. आधीच्या सर्व पत्रकांतही तो बदल करून घेतला.

८ ऑगस्ट

फवाऱ्याच्या, रबरी फुग्याच्या बाटल्या. यंत्रणेवर ‘डिव्हिल्बिस’ असे नाव असले तरी ओहायोतल्या टोलेडोची ही कंपनी फवारे बनवणारी. काच ती स्टॉयबेन, केंब्रिज, फेंटन अशा काचकारखान्यांकडून घेत असे. नाव धातुकामाच्या रकान्यात गेले. रबर सगळ्यांचेच वितळून काळे पडले आहे. त्याला हात लावलेला नाही.

२२ ऑगस्ट

दोन तोंडांची माणिकरंगी बाटली, लंडनची. एका टोकाला सेंट आणि दुसऱ्याला हुंगायचे क्षार, अशी ही व्हिक्टोरियन काळातली सोय. एका झाकणाच्या कडेला ‘एस. मॉर्डन अँड कंपनी’ असे कोरलेले आहे. मॉर्डन चांदीकाम करणारे होते, काच त्यांची नव्हे. झाकणाच्या आतल्या बाजूला शंकरपाळ्याच्या आकाराचे ठसे आहेत. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेल्या रचनेवर अशी खूण घालत. तिच्या माथ्यावरच्या वर्तुळात वस्तूचा वर्ग रोमन अंकांत असतो : धातू पहिला, लाकूड दुसरा, काच तिसरा, मातीकाम चौथा. इथे अंक पहिल्या वर्गाचा आहे. म्हणजे कायद्याने जी रचना राखून ठेवली ती झाकणाची. लाल काचेच्या नळीवर कोणी हक्क सांगितलेला नाही. उजव्या कोपऱ्यातले अक्षर ‘व्ही’ आहे, त्यावरून १८७६ हे वर्ष निघते. ते नोंदणीचे वर्ष, ही विशिष्ट बाटली त्यानंतर केव्हाही झालेली असेल. या नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. संबंधित पानाची प्रत मागवण्यासाठी पत्र धाडले.

इतक्या लहान ठशात एवढी माहिती आणि ती नेमकी कुठे थांबते हेही त्यातच, हे पाहून आज फार समाधान वाटले.

१२ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर ट्रंक उघडली. तीत देशी माल निघाला : अत्तराच्या जाड तळाच्या कुप्या, उठावाची नावे असलेल्या केसतेलाच्या बाटल्या, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवट काचेची एक साधी बाटली, वहीत तिच्यापुढे ‘तळेगाव, पैसा फंड’ एवढेच. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या निधीतून १९०८मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला, त्यामागे लोकमान्य टिळकांचे पाठबळ होते. हा इतिहास मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा. ही बाटली तिथली निघावी, असे आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटत होते. पण बुडावर खूण नाही, लेबल नाही. काच हिरवट आहे ती वाळूतल्या लोहामुळे, आणि अशी काच तळेगावलाच होत होती असे नाही. १९१६पासून ओगले बंधूंचाही काच कारखाना होता, तोच पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला प्रभाकर कंदिलांमुळे घरोघरी पोचला, आणि फिरोजाबादचा माल तर सगळीकडे जात होता. बाकाराच्या बाबतीत जो नियम लावला तोच इथेही लावला : काचकारखाना कोरा, वहीतली नोंद खाली जशीच्या तशी. तळेगावच्या खात्रीच्या नमुन्यांशी तुलना करता आली तर हा रकाना पुन्हा उघडायचा.

३ ऑक्टोबर

ट्रंकेतलीच आणखी एक, माझ्या मते संपूर्ण संग्रहातली सर्वांत बोलकी. आयताकृती, पारदर्शक बाटली. समोर सोनेरी काठाची चिठ्ठी, तीवर उर्दू, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन लिप्या. दुकानाचे नाव फाटले आहे, ‘भेंडी बाजार, बॉम्बे’ एवढे वाचता येते, आणि खाली ‘मजमुआ’. पाठीमागून दिवा लावला तर काही दिसत नाही. टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा धरला तेव्हा चिठ्ठीच्या काठाबाहेर, बोटभर रुंदीत, आधीच्या डिंकाचा लंबगोल डाग उजळला; त्याची कडा दातेरी आहे, म्हणजे आधीचे लेबल ठोकून कापलेले, सोनेरी उठावाचे असणार. बुडावर काचेतच ‘कोती’ आणि ‘फ्रान्स’. परदेशी सेंट संपल्यावर ही रिकामी बाटली मुंबईच्या बाजारात परत आली, धुतली गेली आणि मजमुआ अत्तर भरून दुसऱ्यांदा विकली गेली.

विद्यार्थिनीचा प्रश्न होता की चिठ्ठी पाण्याने सोडवली तर खालच्या लेबलाचा अंश मिळेल का. काही मिळण्याचा संभव आहे. पण त्यासाठी भेंडी बाजाराची चिठ्ठी जाईल, आणि कोतीची लेबले जगभर जतन झालेली आहेत, ही चिठ्ठी एकच आहे. ती काढायची नाही. रचनाकाराच्या रकान्यात लालिक यांचे नाव घालण्याचा मोह कोतीमुळे होतो. कोतीची प्रत्येक बाटली त्यांनी रेखाटलेली नाही आणि इथे सही नाही, म्हणून तो कोरा. ‘स्थानिक विक्रेता’ हा पाचवा रकाना मात्र संग्रहात आज पहिल्यांदाच भरला.

१७ ऑक्टोबर

फॅशनरचनाकार स्कियापरेलींच्या ‘शॉकिंग’ या सुगंधाची १९३७ची धडाच्या आकाराची बाटली : रचनाकार लिओनोर फिनी, आधार अभिनेत्री मे वेस्ट यांच्या मापाचा शिंप्याचा पुतळा. नीना रिचींच्या ‘लेअर द्यू तां’ची कबुतरांच्या बुचाची बाटली : रचना रने यांचे पुत्र मार्क लालिक यांची, १९५१, सही ‘लालिक फ्रान्स’, अपेक्षेप्रमाणे ‘आर’शिवाय. झ्यूल्यिएं व्हियार यांची साच्यातली सही असलेली एक. ते मूळचे शिल्पकार, देपिन्वा यांच्या काचकारखान्यासाठी काम करत. तिन्ही पत्रके सरळ भरली गेली.

२१ नोव्हेंबर

क्यूहून नोंदवहीच्या पानाची प्रत आली. अपेक्षेप्रमाणे रचना झाकणाचीच आहे, रेखाटनात उघडझापेच्या कमानीचा तपशील स्पष्ट दिसतो. प्रत पत्रकाला जोडली.

पत्रकांचा संच आज काकूंच्या हाती दिला. त्यांनी आधी शालिमारचे पान उघडले, वहीतली ओळ वाचली आणि मग कोरे रकाने किती आहेत ते विचारले. ते बरेच आहेत, विशेषतः काचकारखान्याचे. संग्रहालयाला पाठवायच्या पत्रात हे कोरे रकाने टंकताना ‘अज्ञात’ असा शब्द घालू नये, जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढच्या माणसाला तिथे पेन्सिलीने लिहिता येईल, एवढी विनंती जोडली आहे. आम्लविरहित कागदाचे खोके सोमवारी येतील. भेंडी बाजाराच्या बाटलीला चिठ्ठीची बाजू वर राहील असा वेगळा खण सांगितला आहे.